मागच्या बाकापर्यंत पोचणारं दुखणं

वर्षाराणी कांबळेची आणि माझी ओळख झाली, तेव्हा मी मेलेला होतो.

हर्नियाच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात पडून पाचवा दिवस होता. वेळ जात नव्हता. रक्तदाब बघायला एक शिकाऊ नर्स रोज सकाळी यायची, मान खाली घालून दंडाला पट्टा गुंडाळायची, आकडा लिहायची आणि पुढच्या खाटेकडे जायची. खाटेवर माणूस आहे की गोणपाट, हे तिने एकदाही वर बघून ठरवलं नव्हतं. त्या दिवशी मी डोळे फिरवले, जबडा सोडला, मान एका बाजूला टाकली आणि श्वास धरला. बेचाळीस वर्षं रंगभूमीवर काढली, त्यातली निम्मी तिसऱ्या अंकात मरण्यात गेली. श्वास धरणं मला जमतं. पोरीने आकडा लिहिला आणि ती निघाली.

"शिवानी, मागं फिर," दारातून आवाज आला. "पेशंट गेलाय तुझा."

पोरीने वळून मला बघितलं आणि तिच्या हातातली फाईल पडली. दारातली बाई मात्र सावकाश माझ्या खाटेशी आली, मनगटावर दोन बोटं ठेवली आणि म्हणाली, "काका, नाडी झकास पळतीया. उठा आता. एवढं येतंय तर माझ्या वर्गात येऊन करा. इथं नको, शेजारच्या पेशंटला खरंच काहीतरी होईल."

ती वर्षाराणी. चाळिशीची, बुटकी, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, चालणं भरभर. त्या दवाखान्याशी जोडलेल्या नर्सिंग कॉलेजात ती शिकवायची आणि मुलींना घेऊन वॉर्डातून फिरायची. मला वाटलं, बाई चेष्टा करतेय. पण टाके काढायच्या दिवशी ती पुन्हा आली, माझा शाहूपुरीतला पत्ता लिहून घेतला आणि आठवड्याभराने खरोखर स्कूटर घेऊन दारात उभी राहिली.

तिला हवा होता एक रुग्ण. बुद्धीची वाढ कमी झालेली मोठी माणसं वॉर्डात आली की शिकाऊ मुली घाबरतात, म्हणाली. कुणी लांब पळतं, कुणी लहान बाळासारखं चुचकारतं, आणि बाकीच्या त्या माणसाकडे न बघता त्याच्या आईशीच सगळं बोलून घेतात. पुस्तकातून हे सुटत नाही. समोर माणूस पाहिजे. पण खऱ्या माणसाला साठ मुलींपुढे बसवायचं नाही, हे तिचं पक्कं होतं. म्हणून नट.

मी हरखलो. सत्तरीनंतर नटाला कोण बोलावतं? सत्कार असेल तर शाल देतात आणि तिसऱ्या रांगेत बसवतात. मी तिला तिथल्या तिथे काम करून दाखवलं. आमच्या कंपनीच्या एका सामाजिक नाटकात मी नायिकेच्या खुळ्या भावाचं काम करायचो. सोलापूर, बेळगाव, मिरज, जिथं तंबू पडेल तिथं. जीभ बाहेर, मनगट वाकडं, लाळ, आणि पायात पाय अडकून पडणं. मी पडलो की तंबू हसून हलायचा. शाहूपुरीच्या माझ्या बैठकीत मी तसाच पडलो आणि टाळी येते का म्हणून वर बघितलं.

वर्षाराणी हसली नव्हती. तिने मला हात देऊन उठवलं, खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. मग म्हणाली, "काका, माझा सख्खा भाऊ असा हाय. तो असा पडत न्हाई."

मला त्या दिवशी चहा गेला नाही. दोनशेच्या वर प्रयोग केले होते मी त्या कामाचे. प्रत्येक तंबूत, प्रत्येक गावात कुणाची तरी बहीण, कुणाची तरी आई बसलेली असणार, हे मला त्या वयापर्यंत सुचलं नव्हतं.

दुसऱ्या रविवारी ती मला कसबा बावड्याला घरी घेऊन गेली. दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी, भिंतीवर बुद्धाची तसबीर. वडील साखर कारखान्यात हंगामी कामगार होते, ते लवकर गेले. आई सहा वर्षांपूर्वी गेली. आता घरात वर्षाराणी, तिची मावशी पारूबाई आणि धाकटा भाऊ प्रसेनजीत. चौतीस वर्षांचा, गोरटेला, केस नीट भांग पाडलेले, शर्टाची सगळी बटणं गळ्यापर्यंत लावलेली. मी उंबऱ्यात असतानाच त्याने विचारलं, "पावणं, कुठनं आला?" मी म्हटलं, शाहूपुरीतनं. "जेवलासा?" मी म्हटलं, नाही. तो आत जाऊन स्वतःच्या ताटातली अर्धी भाकरी घेऊन आला.

त्याला दहाच्या पुढे मोजता यायचं नाही, पण संध्याकाळची बुद्धवंदना तो एक शब्द न चुकता म्हणायचा. दिवसभर बावड्याच्या बस थांब्यावर बसून उतरणाऱ्या प्रत्येकाला तो तोच प्रश्न विचारायचा, कुठनं आला? लोकही सांगायचे. एखादा कंडक्टर थट्टेने म्हणायचा, अमेरिकेतनं. प्रसेनजीत तेही ऐकून घ्यायचा आणि घरी येऊन बहिणीला सांगायचा की आज एक पावणा अमेरिकेतनं आला होता, जेवला नव्हता.

वर्षाराणी नर्स झाली ती त्याच्यामुळेच. तो सात वर्षांचा असताना झाडावरून पडून त्याचा हात मोडला. कुठल्यातरी दवाखान्यात त्याने प्लास्टर घालणाऱ्याला चावा घेतला, म्हणून त्याचा चांगला हात बँडेजने खाटेला बांधला आणि आईला बाहेर बसवलं. चौदा वर्षांची वर्षाराणी खिडकीच्या गजाला धरून उभी होती. तो रडत नव्हता, हे तिला आठवत होतं. त्याने बांधलेल्या हाताकडे बघत सगळी दुपार काढली. तिने हे मला सांगितलं तेव्हा मी त्याच्या न रडण्याकडे लक्ष दिलं नाही, बांधलेल्या हाताकडे दिलं. तिनेही तेच केलं असावं.

स्कूटरवरून मला परत सोडताना ती म्हणाली, "काका, मी आयुष्याला पुरत न्हाई. कधीतरी ह्याला वॉर्डात एकट्यानं ठेवायची वेळ येणार. त्या दिवशी एक तरी पोरगी अशी पाहिजे, जी ह्याच्याकडं बघंल. एवढ्यासाठी हा खटाटोप."

वर्ग दुपारी दोनला असायचा. लांबट हॉल, साठ मुली, पुढे एक खाट. मी पेशंट 'बापू', वर्षाराणी माझी बहीण. पहिल्या दिवशी शिवानीच पुढे आली, माझ्या मरणाची साक्षीदार. जयसिंगपूरजवळच्या गावातली, घरात चार म्हशी, अंगाने काटक. ती आली आणि थेट वर्षाराणीला म्हणाली, "ह्यांना जेवण जातं का?"

"मला काय विचारतीस? जेवणारा समोर बसलाय," वर्षाराणी म्हणाली.

शिवानी माझ्याकडे वळली आणि तिचा आवाज एकदम तीन वर्षांच्या पोराशी बोलावा तसा झाला. "बाळा, जेवलास का तू?" मी तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचा. मी म्हटलं, "जेवलो की आई." हॉल हसून फुटला. शिवानी लाजून लाल झाली, पण पळाली नाही. तिसऱ्या वेळी तिने खुर्ची ओढून माझ्या डोळ्यांच्या उंचीला आणली, स्वतःचं नाव सांगितलं, काय करणार ते पट्टा दाखवून सांगितलं आणि मी मान हलवेपर्यंत थांबली. वर्षाराणीने डोळ्यांवरचा चष्मा काढून गळ्यात सोडला. खूश झाली की ती असं करायची.

जीभ, लाळ, पडणं सगळं मी सोडलं होतं. उरलं होतं एक, दुखणं. बापूच्या पोटात दुखतंय आणि त्याला सांगता येत नाही, ते मुलींनी ओळखायचं. हा धडा वर्षाराणीला सगळ्यात मोलाचा वाटायचा. मी सुरुवातीला साधंच केलं, पोटावर हात, थोडं कण्हणं. हॉलच्या मागच्या बाजूने आवाज आला, मॅडम, मागं काही दिसत नाही. वर्षाराणी माझ्याकडे वळून म्हणाली, "काका, जरा मोठं करा. मागच्या बाकाला पोचू दे."

हे वाक्य मी जन्मभर ऐकत आलो होतो. आमचे मालक विंगेतून हेच सांगायचे. मागचा बाक म्हणजे चार आण्यांचं तिकीट, त्यालाही नाटक दिसलं पाहिजे. मी मोठं केलं. गुडघे पोटाशी घेतले, चेहरा पिळला, खाटेची कड धरून घशातून असा आवाज काढला की खिडकीबाहेरचा माळी आत डोकावला. साठ मुली ताठ झाल्या. मागच्या बाकावरच्या दोघी उभ्या राहिल्या. शिवानीच्या डोळ्यांत पाणी आलं. मुलींनी वह्यांत लिहून घेतलं: कण्हणे, चेहरा आक्रसणे, अंग आखडणे, अस्वस्थपणा. वर्षाराणीकडे कागद होता, त्यावरही हेच मुद्दे होते. दोन वर्षं, चार तुकड्या, मी असाच तळमळलो. खरं सांगायचं तर असं यश मला कंपनीतही मिळालं नव्हतं. मुली वर्ग संपल्यावर पाया पडायच्या. एक म्हणाली, आजोबा, आता आम्हाला कुणाचंही दुखणं ओळखता येईल.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत वर्षाराणीला लातूरला परीक्षक म्हणून चार दिवस जावं लागलं. भावाला सोडून ती इतके दिवस कधी गेली नव्हती, पण यावेळी नाही म्हणता येईना. सोमवारी गेली. मंगळवारी प्रसेनजीतने जेवण बाजूला सारलं आणि दोनदा उलटी केली. बुधवारी सकाळी पारूबाईंनी रिक्षा करून त्याला दवाखान्यात आणलं, कॉलेजच्याच. वॉर्डात ड्युटीला होती शिवानी, आता शेवटच्या वर्षाला.

तिने मला फोन केला. आवाजात आनंदच होता म्हणा ना. "आजोबा, मॅडमचे भाऊ आमच्या वॉर्डात आलेत. मीच बघतोय त्यांना." आमच्याकडच्या मुली बोलतात तशी ती पुरुषी वळणाने बोलायची. मी रिक्षाने गेलो.

शिवानीने एकही गोष्ट चुकवली नव्हती. खुर्ची ओढून बसली होती, नाव सांगितलं होतं, पारूबाईंशी न बोलता त्याच्याशी बोलत होती. इंजेक्शनआधी सुई दाखवली होती. शेजारच्या खाटेवरचे नातेवाईक त्याच्याकडे टक लावून बघत होते, त्यांना तिने पडदा ओढून गप्प केलं होतं. प्रसेनजीत पाठ ताठ ठेवून बसला होता. शर्टाचं वरचं बटण काढायचा आणि पुन्हा लावायचा. मला बघून त्याने कुठनं आला विचारलं नाही. मला वाटलं, नवी जागा, बावरला असेल.

"दुखतंय का प्रसेनजीतदादा?" शिवानीने विचारलं.

"न्हाय. बरं हाय."

तिने चेहऱ्यांचा तक्ता पुढे धरला, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत सहा चेहरे. कितपत दुखतंय ते बोटाने दाखवायचं. त्याने हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवलं आणि ते तिथेच ठेवलं. त्याला तो आवडला होता, इतकंच.

मोठे डॉक्टर दुपारी येऊन गेले. पोट थोडं फुगलंय, ते म्हणाले, वायू असेल. पेशंटची काही तक्रार? शिवानी म्हणाली, बरं हाय म्हणतात. मग तिने माझ्याकडे बघितलं. मी तिच्या मॅडमचा नट, दुखणं शिकवणारा. डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळले तसं तिने मला बाजूला घेऊन विचारलं, "आजोबा, तुम्ही सांगा. ह्यांचं दुखत असंल का?"

मी प्रसेनजीतकडे नीट बघितलं. चेहरा सपाट होता, हात बटणावर होता, कण्हणं नव्हतं, अंग आखडलेलं नव्हतं. "छे," मी म्हणालो. "दुखणं असं नसतं, पोरी. दुखणं मी ओळखतो."

तिने केसपेपरवर लिहिलं, वेदना नाही.

वर्षाराणीचा फोन दिवसातून तीनदा यायचा. पारूबाईंनी त्याच्या कानाला फोन लावला तर तो म्हणायचा, बरं हाय. मग शिवानी बोलायची. शेवटी वर्षाराणी म्हणाली, तू आहेस ना तिथं, मग मला घोर नाही, परीक्षा उरकून येते. पारूबाई नंतर मला म्हणाल्या की इतक्या वर्षांत तिच्या तोंडून 'घोर न्हाई' हा शब्द त्यांनी पहिल्यांदाच ऐकला. गुरुवारीही तो तसाच बसून होता. तपासण्या शुक्रवारी करू, असं ठरलं होतं.

शुक्रवारी सकाळी वर्षाराणी बसमधून उतरून थेट वॉर्डात आली. खांद्याची पिशवीही खाली ठेवली नव्हती. मी खाटेपाशी वर्तमानपत्र वाचत होतो. तिने दारातून भावाला बघितलं, फक्त बघितलं, आणि तिथूनच ओरडली, "सर्जनना बोलवा." मग धावत येऊन तिने त्याचा बटणावरचा हात धरला. "कधीपासून करतोय हे? कधीपासून?" मी म्हटलं, बुधवारपासून. ती खाली बसली.

आतड्याला पीळ बसला होता. दुपारपर्यंत ऑपरेशन झालं. आतड्याचा मोठा तुकडा काळा पडला होता, तो काढला आणि मळ बाहेर पडायला पोटाला पिशवी लावली. आणखी काही तासांनी तो गेलाच असता, असं सर्जन म्हणाले. इतका वेळ हा माणूस बसला कसा, याचं त्यांनाही नवल वाटलं.

त्या संध्याकाळी शिवानी जिन्यात बसली होती. मी तिच्या शेजारी बसलो. ती म्हणाली, "आजोबा, आमची म्हस गप झाली, रवंथ करंना झाली, की मी बाबांच्या आधी गोठ्यात जातो. गप झालेलं जनावर कळतंय मला. आणि माणूस गप बसला तर मी लिवलो, वेदना न्हाई."

रंगमंचावर अशा जागी मोठं स्वगत असतं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तोही नीट ठेवता आला नाही.

वर्षाराणीपुढे मी सगळं कबूल केलं. शिवानीने मला विचारलं होतं, मी छे म्हणालो होतो, लिहिणारीचा हात माझ्या शब्दाने चालला. तिने ऐकून घेतलं. "मीच म्हटलं होतं ना काका, मोठं करा," ती म्हणाली. "तो लहानपणापासून दुखलं की बटणाला लागतो आणि सगळ्याला बरं म्हणतो. मला हे ठाऊक हाय हेच मला ठाऊक नव्हतं. कागदावर कधी लिहिलं न्हाई. पुस्तकातलं लिहिलं." पुन्हा तिने हा विषय काढला नाही. एखादी शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं.

पुढचे महिने पिशवीने खाल्ले. प्रसेनजीतला ती पिशवी कळेना. तो ती ओढून काढायचा, कातडी सोलवटायची, कपडे, अंथरूण सगळं धुवावं लागायचं. थांब्यावर जाणं बंद झालं, कारण एकदा तिथं पिशवी सुटली आणि लोक उठून लांब उभे राहिले. पारूबाईंचे हात सत्तरीचे. ठेवलेल्या दोन बाया आठवड्याच्या आत सोडून गेल्या. सहा महिन्यांनी आतडं पुन्हा जोडता येईल म्हणून सांगितलं होतं, ते पुढे ढकललं गेलं, कारण जखम भरत नव्हती. वर्षाराणीची रजा संपली. अर्ध्या वेळेची नोकरी कॉलेजला देता येत नव्हती.

तेव्हा मी मोठ्या थाटात म्हणालो, मी बसतो त्याच्यापाशी. नटाला वेळेवर हजर राहायची सवय असते, बाकी काही नसली तरी. आठ दिवस मी सकाळी नऊला बावड्याला जायचो. जुन्या कंपनीच्या गोष्टी सांगायचो, पदं म्हणायचो, तो ऐकायचा. पिशवी बदलायला वर्षाराणीने मला शिकवलं होतं, पण माझे हात थरथरतात. आठव्या दिवशी ती संध्याकाळी आली आणि तिने त्याचा शर्ट वर केला. पिशवीच्या कडेखालची कातडी दोन बोटं रुंद सोलली होती, ओली झाली होती. मी दिवसभर त्याच्या समोर होतो. मी दर तासाला विचारत होतो, त्याचं उत्तर तेच होतं. आणि बटणाकडे मी बघितलं नव्हतं, कारण मी गोष्ट सांगत होतो, आणि गोष्ट सांगताना मी समोरच्याच्या डोळ्यांत बघतो.

तिने कोमट पाण्याने ते पुसून घेतलं. हळूच फुंकर घातली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "काका, उद्यापासनं नका येऊ. तुम्हालाच त्रास होतोय."

पुढच्या आठवड्यात तिने राजीनामा दिला. बावीस वर्षांची नोकरी. वर्गाचं काय होणार, असं मी विचारलं. म्हटलं, एकदा त्यालाच घेऊन जा, मुलींना खरं बघू दे. ती म्हणाली, तो दाखवणार नाही. दाखवत नाही हीच त्याची अडचण, मग साठजणींना बसवून काय दाखवू? एकेकीने त्याच्यापाशी राहावं लागेल, काही न करता. आणि तेवढे दिवस कुठल्या कॉलेजात असतात? नव्या मॅडमनी मला बोलावणं धाडलं होतं, तुमचं ते पोटदुखीचं काम मुलींना फार आवडतं म्हणून. मी गेलो नाही. तब्येतीचं कारण कळवलं.

शिवानी मात्र यायला लागली. तोवर ती पास होऊन त्याच दवाखान्यात नोकरीला लागली होती. कुणी बोलावलं नव्हतं. रविवारी सुट्टीला ती घरी जयसिंगपूरकडे न जाता बावड्याला यायची. पहिल्या रविवारी पारूबाईंनी तिला दारातच विचारलं, "आता काय लिवायला आलीस?" शिवानीने मान खाली घातली आणि तरी आत आली. ती त्याच्याशी फार बोलत नसे. पडवीत त्याच्या शेजारी बसायची, शेंगा फोडायची, तो बघेल तिकडे बघायची. वर्षाराणी पिशवी बदलताना पाणी धरायची. पुढे स्वतः बदलायला लागली. मीही रविवारी जाऊन कोपऱ्यात बसत असे. मला कुणी काम सांगितलं नाही आणि मी मागितलं नाही.

चौथ्या महिन्यात एका रविवारी वर्षाराणी कपडे वाळत घालत होती. शिवानी पडवीतून म्हणाली, "मॅडम, आज ह्यांचं दुखतंय." वर्षाराणीने वळून बघितलं. बटणं लावलेली होती, हात मांडीवर होते. तो शेंगा खात होता. ती म्हणाली, नाही गं, बरा आहे. शिवानी म्हणाली, "शेंगा डाव्या बाजूनं चावतोय. आणि टरफलं खिशात घालतोय, खाली टाकंना झालाय." तोंड उघडून बघितलं तर उजवी दाढ किडून हिरडी सुजलेली. वर्षाराणीला दिसलं नव्हतं ते हिला दिसलं होतं.

त्या दुपारी वर्षाराणी आतल्या खोलीत जाऊन आडवी झाली आणि दोन तास झोपली. दिवसाढवळ्या, दार उघडं टाकून. पारूबाई दोनदा जाऊन बघून आल्या. बाहेर मी, शिवानी आणि प्रसेनजीत आवाज न करता बसलो होतो. बेचाळीस वर्षांत मी इतकं चांगलं काही बघितलं नव्हतं, आणि बघायला आम्ही तिघेच होतो.

यंदा जूनमध्ये शिवानीला पुण्याच्या दवाखान्यात नोकरी लागली. इथल्यापेक्षा पगार दुप्पट, राहायला खोली. धाकट्या बहिणीचं शिक्षण तिच्यावर होतं. तिने आधी नाही म्हणून कळवायचं ठरवलं होतं. तिचा अर्ज, शिफारशीचं पत्र सगळं वर्षाराणीनेच बसून लिहिलं आणि पोस्टात टाकलं. मला शिवानीला सांगायचं होतं, जाऊ नकोस. सांगायला तोंड उघडलं आणि वर्षाराणीने माझ्याकडे असं बघितलं की मी चहाचा कप उचलला.

जायच्या दिवशी ती निरोप घ्यायला आली. प्रसेनजीतला तिने तीनदा सांगितलं की आता पुढच्या रविवारी ती येणार नाही, पुण्याला जातेय. तो म्हणाला, "परत आलीस की सांग, कुठनं आलीस." ती हसली, वर्षाराणीच्या पाया पडली, माझ्याही पडली. पारूबाईंनी तिच्या हातात नारळ ठेवला. ती बस थांब्याकडे गेली.

वर्षाराणी पायरीवर बसली होती. मी उठलो, काठी घेतली. तिला काहीतरी म्हणावं, म्हणून म्हटलं, दुसरी कुणीतरी मिळेल, पोरी चांगल्या असतात.

"चार महिने लागले तिला, काका," ती म्हणाली. "रोज न्हाई, फक्त रविवार. आता दुसरी कुठली आणू, आणि तिला चार महिने कुठनं देऊ?"

आतून प्रसेनजीतने हाक मारली. पिशवी बदलायची वेळ झाली होती. ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि आत गेली.